कोनाड्यातलं वस्त्र

"बारवेच्या गाळात लिंग सापडलं म्हणं," शेजारच्या टेबलावरचा देविदास म्हणाला, आणि मन्मथच्या पेनातून शाईचा एक थेंब नव्या जिल्ह्याच्या हद्दीवर पडला. थेंब काही मोठा नव्हता. ब्लेडनं खरवडला असता तर निघाला असता. पण मन्मथ नुसता त्याच्याकडे बघत राहिला. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. भाड्याच्या बंगल्यातल्या या ऑफिसात जुन्या जिल्ह्याचे नकाशे समोर ठेवून नवे गिरवायचं काम अजून संपलं नव्हतं, आणि मन्मथचं पोट या रेघा गिरवण्यावरच चाललं होतं. अकरा आठवड्यांपूर्वी हाच हात सकाळी इतका कापायचा की हद्दीवरची दोन-तीन गावं इकडची तिकडं व्हायची. हल्ली कापत नव्हता. आज कापला. "कुणाचं?" त्यानं विचारलं. आवाज जमेल तितका सरकारी ठेवला. "ज्याचं होतं त्यानं नेलं बी," देविदास म्हणाला. "मठात आणून ठेवलं होतं. दोन दिसांत आला गडी, रडत रडत घेऊन गेला." मन्मथचा हात आपोआप छातीवर गेला. सदऱ्याखाली चांदीची डबी होती, डबीत लिंग होतं, सगळं जागच्या जागी होतं. घाम फुटला तो त्यामुळंच. कारण बारवेच्या गाळात पडलेलं लिंग मन्मथचं होतं. कुठल्या पायरीवरून पडलं हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. मग ते रडत रडत घेऊन जाणारा कोण?

त्यांच्या लोकांत जन्मल्यावर काही दिवसांतच स्वामी येऊन मुलाला इष्टलिंग बांधतात. ते मरेपर्यंत अंगावर असतं. माणूस गेला की त्याच्या डाव्या तळहातावर ते ठेवतात आणि दोघांना मिळून जमिनीत बसवतात. एवढं ज्यानं अंगावर बाळगायचं त्यानं दारूला शिवायचं नाही, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. आता शिवायचंच झालं तर काय, हे कुठल्या पोथीत नाही. ते पिणाऱ्यांनीच शोधून काढलं होतं. गावाबाहेर एक जुनी बारव होती. तिच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगाला भिंतीत दिवे लावायचे कोनाडे होते, आणि बारवेपासून हाकेच्या अंतरावर शिंदीचं दुकान. जाताना बारवेत उतरायचं, लिंग काढून कोनाड्यात ठेवायचं, जायचं, प्यायचं, परत येऊन हातपाय धुवायचे, चूळ भरायची आणि देव गळ्यात घालून सभ्य माणसासारखं घरी जायचं. असे सहा-सातजण होते. प्रत्येकाचा कोनाडा ठरलेला. कुणी कुणाच्या कोनाड्याकडे बघायचं नाही, पायरीवर गाठ पडली तर ओळख द्यायची नाही. मन्मथला तेव्हा या व्यवस्थेचा अभिमानच वाटायचा. आपण पितो, पण देवाला बाटवत नाही.

गेल्या श्रावणातला सोमवार. उपास होता, आणि उपाशीपोटी शिंदी भलतीच लागली. दिवस मावळायच्या सुमारास तो बारवेत उतरला. प्यालेल्या माणसाला भक्ती फार येते. डबी नुसती गळ्यात घालायची सोडून त्याला लिंग डोळ्यांना लावावंसं वाटलं. त्यानं डबी उघडली, लिंग चिमटीत धरलं आणि ते निसटलं. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी, मग पाणी. आवाज अगदी बारीक झाला. बारवेला तेव्हा चांगलं दोन पुरुष पाणी होतं. घरी जगदेवी संध्याकाळच्या पूजेसाठी थांबली असणार, पाट मांडून, पत्री निवडून. दोघं समोरासमोर बसून पूजा करायची, लग्नापासूनची रीत. रिकामी डबी घेऊन तिच्यासमोर कसं बसायचं? तेवढ्यात पलीकडच्या कोनाड्यात त्याला पांढरं वस्त्र दिसलं. कुणीतरी डबी-बिबी न वापरता लिंग साध्या वस्त्रात बांधणारा. मन्मथनं गाठ सोडली, लिंग काढून आपल्या डबीत घातलं आणि वस्त्राची चार पदरी घडी करून ती परत कोनाड्यात ठेवली. नजरचुकीनं घेतलं म्हणायलाही जागा नव्हती. गाठ सोडायला त्याला बराच वेळ लागला होता, आणि तेवढा वेळ तो काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं. नशेत घडलं असं तो पुढं कितीदा तरी मनाशी म्हणाला. पण नशेत माणूस घडी घालत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी तो दुसऱ्याचा देव डाव्या तळहातावर घेऊन बसत होता. हे लिंग त्याच्या स्वतःच्या लिंगापेक्षा किंचित जड होतं. बाहेरून सारखंच काळं, गुळगुळीत, पण तळहाताला फरक कळायचा. जगदेवी समोर बसून डोळे मिटायची. पाऊस गेला, विहिरी खाली गेल्या, नळ आठ दिवसांवर आला. पूजेचा तांब्या होता त्याची वाटी झाली, वाटीची पळी झाली. जगदेवी ती पळीसुद्धा आधी त्याच्या लिंगावर घालायची आणि त्याच ओलाव्यात आपलं लिंग पुसायची. त्याला ते बघवायचं नाही, आणि बघवत नाही म्हणून संध्याकाळी तो पुन्हा बारवेकडे जायचा. फक्त आता डबी कोनाड्यात ठेवायचा नाही, शिंदीच्या दुकानातही गळ्यातच ठेवायचा. दुसऱ्याचं होतं. ते कुणी नेलं असतं तर? असला इमानदारपणा.

भज्याच्या पुडीचा कागद नसता तर हे असंच चाललं असतं. माघ संपत आला होता. तेलानं पारदर्शक झालेल्या त्या कागदावर चार ओळी होत्या: दारू सुटत नसेल तर रविवारी दुपारी या, नाव-गाव विचारलं जाणार नाही, पैसे लागत नाहीत. खाली नांदेडच्या एका शाळेचा पत्ता. नांदेड म्हणून तो गेला. लातुरात असं काही असतं तर मेला असता पण गेला नसता. जगदेवीला सांगितलं तेव्हा तिनं दोन भाकरी बांधून दिल्या आणि म्हणाली, "लिंगावर हात ठेवून म्हणा, आजपासून पिणार न्हाई." त्यानं डबीवर हात ठेवला आणि म्हटलं. ज्याचं ते लिंग होतं तो कुठं असेल, काय घालून हिंडत असेल, हा विचार तेव्हाही आला होता. बस गाठायची होती म्हणून तो विचार अर्धवट राहिला.

शाळेची खोली तिसरीच्या वर्गाची होती. बाकं इतकी बुटकी की दहा-बारा बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. शाळेची टाकी कोरडी, म्हणून ज्यानं त्यानं आपलं पाणी आपण आणायचं असा नियम होता. प्रत्येकाच्या पायाशी तांब्या नाहीतर बाटली. गट चालवायचे लक्ष्मणराव, एस.टी.तले रिटायर कंडक्टर, सोळा वर्षं दारूशिवाय राहिलेले. पुढचा थांबा पुकारावा तसं ते पुढच्या माणसाला पुकारत. आपलं नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं, आणि जे बोलवेल ते बोलायचं. बोलवलं नाही तर "आज ऐकतो" म्हणायचं. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. पहिल्याच रविवारी मन्मथला कोपऱ्यातल्या बाकावर लातूरचा भांडेवाला गुंडप्पा दिसला. त्याच्याच दुकानातून जगदेवीनं दुष्काळात दोन घागरी आणल्या होत्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही फळ्यावरचे पाढे वाचू लागले. तोंड लपवायला दोघं चार तासांचा प्रवास करून त्याच बुटक्या बाकांवर आले होते. तिसऱ्या रविवारपासून ते येता-जाता एकाच सीटवर बसू लागले. पाचव्या आठवड्यात मन्मथचा धीर सुटला. ऑफिस सुटल्यावर शिंदीच्या रस्त्याला लागायच्याऐवजी तो कसाबसा गुंडप्पाच्या दुकानात गेला.  गुंडप्पानं एक घागर आणि चिंच त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "घासा." मन्मथनं सात घागरी घासल्या. शिंदीचं दुकान बंद व्हायची वेळ टळली तसं गुंडप्पा म्हणाला, "जा आता घरी." असा तो माणूस.

आणि बारवेची बातमी आल्यानंतरच्या रविवारी गुंडप्पा पहिल्यांदा बोलला. तीन महिने त्यानं "आज ऐकतो" याच्यापुढं शब्द काढला नव्हता. त्या दिवशी उठून उभाच राहिला. "मी गुंडप्पा. मी दारुडा हाय," तो म्हणाला. "आमच्यात गळ्यात लिंग घालून पीत न्हाईत. मी बारवेत कोनाड्यात ठेवून जायचो. गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी वापस आलो तर लिंग न्हाई. वस्त्र होतं. नुसतं होतं न्हाई, चार पदरी घडी घालून ठेवलेलं होतं. चोर असता तर वस्त्र फेकून गेला असता. मला वाटलं, हे मानसाचं काम न्हाई. देवच उठून गेला, आन् जाताना घर आवरून गेला." मन्मथनं पायाजवळचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायचं विसरून नुसता हातात धरून ठेवला. "घरी जाऊन मायला खरं सांगितलं. गुरम्मा नाव तिचं, सत्तरी झाली. तिनं त्या दिशी अन्न सोडलं. म्हणली, लिंग घरी येईल तवा खाईन. स्वामी आले, म्हणले नवं बांधू. माय म्हणली, लेकरू हरवलं म्हणून दुसऱ्याचं आणून पाळण्यात घालता का? नऊ महिने दूध आन् शेंगदाण्यावर राहिली. माघात चुलीपुढं चक्कर आली, पडली, खुबा मोडला. तवा मी हितं आलो." तो थांबला. घोटभर पाणी प्याला. "ह्या आठवड्यात बारवेचा गाळ काढला. लिंग सापडलं. मायच्या हातात नेऊन दिलं. तिनं डोळ्याला लावलं आन् ज्वारीची अर्धी भाकर खाल्ली. लई दिसांनी खाल्ली. आता मला दारूची याद बी येत न्हाई. देव वापस आला, आजून काय पायजे?"

खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. लक्ष्मणरावांनी चष्मा पुसला. मन्मथनंही टाळ्या वाजवल्या, तांब्या खाली ठेवून. गुंडप्पाच्या गळ्यात नवं पांढरं वस्त्र होतं आणि त्यात मन्मथचं लिंग होतं, जन्मापासून त्याच्या छातीवर वाढलेलं, चाकूरच्या घरात आजीनं दुधानं धुतलेलं. आणि मन्मथच्या सदऱ्याखाली गुंडप्पाचं. मध्ये दोन बाकं. तो पुढं हिशेब करू लागला आणि ज्या बाजूनं करावा त्या बाजूनं तोच गुन्हेगार निघत होता. सांगितलं तर गुंडप्पाचा देव परत आलेलाच नाही, म्हातारीचं व्रत मोडलं, तेही खोट्यावर. गुंडप्पा कशाच्या आधारानं दारूपासून लांब राहील? नाही सांगितलं तर आपण कशाच्या आधारानं? चोरलेल्या देवावर घेतलेली शपथ अकरा आठवडे टिकली याचंच आता त्याला नवल वाटलं. म्हातारी चुलीपुढं पडली तेव्हा तो पळीभर पाण्यानं तिच्या मुलाचा देव धूत असेल. "पुढं?" लक्ष्मणराव त्याच्याकडे बघून म्हणाले. "मी मन्मथ. मी दारुडा आहे," मन्मथ म्हणाला. "आज ऐकतो."

परतीच्या बसमध्ये गुंडप्पा खुशीत होता. त्यानं आईसाठी नांदेडहून द्राक्षं घेतली होती आणि त्यातली चार मन्मथच्या हातावर ठेवली. मन्मथला ती तोंडात घालवेनात. बाहेर काळी रानं तडकून पडलेली, हिरवं म्हणून काही नाही, मैलभर अंतरानं एखादी बैलगाडी, तिच्यावर पाण्याचं पिंप. लोह्याच्या स्टँडवर बस थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. समोर रस्त्यापलीकडे देशी दारूचं दुकान होतं, दरवेळी दोघं त्या बाजूची खिडकी टाळून बसायचे. मन्मथ उठला, खाली उतरला आणि रस्ता ओलांडायला लागला. पिणार होता का? होता. एवढंच त्याला त्या घडीला करता येण्यासारखं वाटत होतं. पाठीमागून गुंडप्पाची चप्पल वाजली आणि त्यानं मन्मथचा दंड धरला. "काय करून राहिलात? चला मागं." "मला सोड, गुंडप्पा." "सोडत न्हाई. घागरी घासायला लावीन पुन्हा." तो हसत होता. ते हसणं मन्मथला सोसलं नाही. रस्त्याच्या मधोमध, एका रिकाम्या टँकरनं हॉर्न देऊन बाजूला केलं तरी न थांबता, त्यानं सगळं सांगितलं. निसटलेलं लिंग, तीन पायऱ्या, गाठ, डबी. शेवटी म्हणाला, "तुझं माझ्याजवळ आहे. तुझ्या गळ्यात आहे ते माझं आहे."

गुंडप्पानं दंड धरूनच ठेवला. मग त्यानं एकच विचारलं. "घडी तू घातलीस?" "हो." "का?"  "तसंच टाकून जाववेना," मन्मथ म्हणाला. गुंडप्पा मारेल असं त्याला वाटलं, मारावं असंही वाटलं. "नऊ महिने," गुंडप्पा म्हणाला. "माझी माय नऊ महिने शेंगदाणे चावून राहिली. दात न्हाईत तिला. खलबत्त्यात कुटून खायची." आणि त्यानं मन्मथचा दंड सोडला आणि सरळ दुकानाच्या पायऱ्या चढला. मन्मथ मागं धावला. काउंटरवरच्या माणसानं ग्लास पुढं सरकवला. गुंडप्पाचा हात ग्लासाकडे गेला नाही, आधी गळ्याकडे गेला. वीस वर्षांची सवय. वस्त्राची गाठ मानेवरून काढून त्यानं हातात घेतली आणि ठेवायला जागा शोधू लागला. काउंटर ओला होता. फळीवर बाटल्या होत्या. खुंटीवर कुणाचा तरी मळका टॉवेल. कोनाडा कुठंच नव्हता. मग त्यानं वस्त्र मन्मथपुढं धरलं. "धर," तो म्हणाला. "तुझंच हाय. धर, मला पिऊ दे."

नऊ महिने ज्याच्यासाठी जीव तुटला ते वीतभर अंतरावर होतं. हात पुढं केला असता तर त्या क्षणी आपलं आपल्याला मिळालं असतं, आणि देणाऱ्यानंच दिलेलं, चोरलेलं नाही. मन्मथला ते इतकं हवंसं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. "मी धरणार नाही," तो म्हणाला. "धर म्हणतो ना." "नाही धरणार. काहीही कर." गुंडप्पा हात पुढं करून उभा राहिला.  काउंटरवरचा माणूस एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. स्टँडवरून कंडक्टरनं हाक मारली, लातूरवाले, लातूर. गुंडप्पानं हळूहळू ती गाठ पुन्हा मानेत अडकवली, वस्त्र सदऱ्याच्या आत सारलं आणि पायऱ्या उतरला.

बसमध्ये तो दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. अहमदपूर गेलं. मन्मथच्या मुठीत चार द्राक्षांचा चिकटा झाला होता. तो पुसायचंही त्याला सुचलं नाही. चाकूरला बरीच माणसं उतरली. मन्मथचं गाव, पण त्यानं खिडकीबाहेर पाहिलं नाही. बस हलल्यावर गुंडप्पा उठून त्याच्या शेजारी येऊन बसला, मध्ये द्राक्षांची पिशवी ठेवून. "माय हाय तवर हे माझ्याकडंच राहील," तो समोर बघत म्हणाला. "तिनं ह्याच्यावर भाकर खाल्ली. आता पुन्हा सोडली तर वाचायची न्हाई. तिच्या मागं बदलू." मन्मथनं मान हलवली. "तवर मरू नका," गुंडप्पा म्हणाला. "मेलात तर लोक माझं लिंग तुमच्या हातावर ठेवून पुरतील. मग मी काय घेऊन जमिनीत जाऊ? पिऊन आमच्या गल्लीतले दोघं मेले, गेल्या सालीच. म्हणून म्हणतो. मी बी पिणार न्हाई. माझ्याकडं तुमचं हाय." आणि थोडं थांबून म्हणाला, "माफ केलं म्हणून समजू नका. ते मला जमंल का न्हाई, ठाव न्हाई." मन्मथला बरं वाटलं नाही. बरं वाटायला नकोच होतं. पण कितीतरी महिन्यांनी आपण नेमकं काय सांभाळायचं आहे हे त्याला कळलं.

सकाळी जगदेवीनं पाट मांडले. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. तिनं पळी भरली आणि त्याच्यापुढं धरली. मन्मथनं डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि पळी घ्यायच्याऐवजी म्हणाला, "हे माझं नाही." मग एकेक सांगत गेला.  गुरम्मांच्या खुब्यापर्यंत आला तेव्हा जगदेवीनं पळी खाली ठेवली. बाहेर पाण्याच्या रांगेतल्या बायकांची भांडणं चालली होती. "म्हंजे नऊ महिने मी भांडेवाल्याच्या लिंगावर पाणी घालून राहिले," ती म्हणाली. "हो." "आन् शपथ त्याच्यावर घातली." "हो." तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, तळहाताकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक, त्याचा हात अवघडला, पण त्यानं खाली केला नाही. मग ती उठली, आत गेली आणि दिवसभर प्यायचा आपल्या वाटणीचा तांब्या घेऊन आली. "दुसऱ्याचं हाय म्हणल्यावर पळीभर पाण्यात भागायचं न्हाई," ती म्हणाली. "नीट धुवा." आणि तिनं तो तांब्या सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, त्याच्या तळहातावर ओतला.